फुलाबाईचा अधिक महिना

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. फुलाबाईला वाचायला मी शिकवलं असं जे पंचवटीत बोललं जातं, ते खोटं आहे. ते मीच पसरवलं होतं, त्यामुळे ते खोडून काढायचा हक्कही माझाच.

फुलाबाई पंचवटीच्या भाजीबाजारात बसते. मूळची पेठच्या डोंगरातली, कोकणा समाजातली. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या कामाला आली, तिथून नाशकात, आणि नवरा गेल्यावर टोपली घेऊन बाजारात बसली ती बसलीच. तिचा नियम असा, की जी बाई भेंडीचं टोक मोडून बघेल तिला भेंडी मिळणार नाही. मी एकदा मोडलं. त्यानंतर महिनाभर तिनं मला भेंडी दिली नाही. मीही हट्टानं रोज तिच्याकडेच जायचे आणि तिच्याशी भांडून दुधी घेऊन यायचे. आमची मैत्री अशी दुधीवर सुरू झाली. ती मला ताई म्हणते आणि त्याच दमात अगंतुगं करते.

२००४ साली श्रावण दोनदा आला, आधी अधिक आणि मग निज. बँकेतून व्हीआरएस घेऊन मला तीन वर्षं झाली होती, हुकूम सोडायला घरात कोणी उरलं नव्हतं आणि माझा जीव अगदी कावला होता. अशात अधिक महिना लागायच्या आदल्या दिवशी फुलाबाई माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात करटुल्यांची पिशवी. ती फुकट काही देत नाही, म्हणून मी सावध झाले.

"ताई, मी लय मोठं बोलून बसले," ती म्हणाली.

झालं होतं ते असं. तिच्या गावात दर श्रावणात पोथी लावायचे. वाचायला एक बुवा पेठेहून यायचे. त्यांचे गुडघे गेले, आणि तीन वर्षं गावात पोथी लागली नाही. त्या वर्षी फुलाबाई माहेरी गेली असताना तिची आत्या अक्काबाई सगळ्या बायांसमोर म्हणाली, "तू एवढी देवाच्या नाशकात राहतेस, तूच वाच की." आणि फुलाबाई हो म्हणाली. निज श्रावणातला सोमवारही ठरवून आली.

"तुला वाचता येतं?" मी विचारलं.

"सही येते. साक्षरतेच्या वर्गात बाराखडी गिरवली व्हती. पुढं समदं गेलं."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"त्या समद्या माझ्याकडं बघत व्हत्या ना."

तिला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणाली असती तर ती पुन्हा डोंगरातून पोटासाठी निघून गेलेली पोर झाली असती. आता नाचक्की झाली असती तर तीही त्याच बायांसमोर. मला हे सगळं कळलं आणि खरं सांगते, मला भलताच आनंद झाला. महिनाभराचं काम मिळालं. पंचांगानं आख्खा महिना जास्तीचा दिला होता, तो काय झोपून काढायचा?

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक ते तीन आमची शाळा. त्या वेळात बाजार थंड असतो. वर ताडपत्री, खाली पोतं, आणि मांडीवर माझ्या सासूबाईंची पोथी, लाल फडक्यात बांधलेली, आडव्या सुट्या पानांची. जी पोथी गावात वाचायची तीच शिकवायची, असा माझा सरळ हिशेब. मी एक ओवी वाचायची, तिनं बोट लावून मागून म्हणायची.

आठव्या दिवशी ती अडखळायची थांबली. दहाव्या दिवशी माझ्या आधी पुढची ओवी वाचायला लागली. बाराव्या दिवशी तिनं पहिला अध्याय एका दमात वाचला, तोही चालीवर. मी तर हवेतच. संध्याकाळी ओळखीच्या चार घरी जाऊन मी स्वतःच्या शिकवण्याचं कौतुक स्वतःच सांगून आले. जुन्या बँकेतल्या लोकांना पेढे नेऊन दिले. काही जणांना वाटलं, घरात नातू झाला.

तेराव्या दिवशी दुसरा अध्याय होता. फुलाबाई वाचत होती, मी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच मला मांडीखाली काही टोचलं. हात घालून बघते तर पोथीचं पान, नववं. पोथीवर बसल्याचं पाप लागणार म्हणून मी आधी घाबरले, आणि मग ध्यानात आलं. नववं पान माझ्याखाली होतं. फुलाबाईच्या हातात दहावं होतं. आणि ती नवव्या पानावरचा मजकूर धडाधड वाचत होती.

मी पान तिच्यासमोर धरलं. "हे इथे आहे. तू काय वाचत्येस?"

तिनं एकदा हातातलं पान पाहिलं, एकदा माझ्याकडचं. "हेच की."

ही पोथी तिनं ऐकली कुठे, ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं: गुरुजींच्या दारात. आमच्या गल्लीत शरच्चंद्र गुरुजी दर श्रावणात हीच पोथी वाचतात, आणि फुलाबाई बेलाची पानं द्यायला म्हणून येऊन पायरीवर बसून ऐकते; तेव्हा त्याला बावीस वर्षं झाली होती. तिला पोथी अथपासून इतिपर्यंत पाठ होती.

मी खूप बोलले. मला फसवलंस म्हणाले, माझे पेढे फुकट गेले म्हणाले, शेजारच्या मिरचीवाल्या हिरामणनं मान वळवून बघितलं इतक्या आवाजात म्हणाले. फुलाबाई ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "म्हंजे गुरुजींना पाठ नसती?"

"ते वाचतात."

"मला वाटलं वाचनं म्हंजे हेच. पान म्होरं धरायचं, हात जोडायचे, का मंग तोंडात येतं. पान मानाचं असतं. मला येत व्हतं, तर मला वाटलं, आलं वाचता."

माझा राग तिथंच विरला. बावीस वर्षं ती समजत होती की आतून येतं तेच वाचन, आणि आपल्याला ते उशिरा का होईना यायला लागलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाठ म्हणून दाखवली तरी गावात कोणाला कळणार नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मला आता कळलंय ना." आणि पदरानं नाक पुसून मला म्हणाली, "मला पाठ नाय असं काय तरी आण."

मी थेट वाचनालयात गेले आणि ग्रंथपालाला म्हटलं, मला असं पुस्तक द्या की पुढं काय होणार ते कुणाच्या बापाला कळणार नाही. त्यानं एक मोठ्या अक्षरांची रहस्यकथा दिली. साखर कारखान्याचा मॅनेजर डाक बंगल्यात मरून पडलेला, आणि संशयित तिघं: त्याची बायको, ड्रायव्हर आणि ओव्हरसियर. मीही ते वाचलेलं नव्हतं, आणि पुढचं पान चोरून बघायचं नाही अशी मी शपथ घेतली.

काय ते सतरा दिवस! पहिल्या दिवशी तीन ओळी झाल्या. जोडाक्षर आलं की फुलाबाई खवळायची, जसं काही ते मुद्दाम तिच्या वाटेत आडवं पडलंय. सवयीनं पुढचं आपल्याच मनानं म्हणायची. "ड्रायव्हर पळाला."

"कुठं लिहिलंय?"

ती पुन्हा बोट ठेवायची. ड्रायव्हर पळालेला नसायचा. तो अंगणात चहा पीत असायचा. फुलाबाईला याचं इतकं आश्चर्य वाटायचं, की ती पुढच्या ओळीवर तुटून पडायची. तिच्या मनात नव्हतं ते कागदावर होतं! हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की माझा चष्मा मेथीत पडला.

हळूहळू आजूबाजूचे गोळा व्हायला लागले. हिरामणचं म्हणणं, बायकोनंच मारलं. लिंबंवाल्या भागुबाईचा ड्रायव्हरवर संशय. गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबवून ठेवायचे, फौजदार खोलीत शिरेपर्यंत. एक बाई तर पाव किलो गवारीसाठी आली आणि एक प्रकरण ऐकून गवार न घेताच गेली.

चोविसाव्या दिवशी मी उशिरा पोचले. फुलाबाई पुस्तक मांडीवर घेऊन एकटीच बसली होती, तोंड बंद. मी समोर उभी राहिले तरी तिला पत्ता नाही. आणि एकदम ती हसली. आवाज न काढता वाचून, कळून, हसली. आमच्या दोघींमध्ये हातभर अंतर होतं आणि ती कशाला हसली ते मला ठाऊक नव्हतं! माझ्या अंगावर काटा आला. आजही हे लिहिताना येतो.

अमावास्येला अधिक महिना संपला आणि पुस्तकही. शेवटची दोन पानं तिनं मनात वाचली. आम्ही सगळे वाट बघत होतो. तिनं पुस्तक मिटलं, हिरामणपुढं ठेवलं आणि म्हणाली, "दहावी झालायस ना? वाच." खुनी ओव्हरसियर निघाला. सगळा बाजार हरला.

मला मात्र एक घोर लागून राहिला. पोथी पाठ असलेल्या माणसाची पोथीत परीक्षा घ्यायची कशी? ती भराभर वाचून दाखवायला लागली तर वाचतेय की म्हणतेय, मला कळणार नव्हतं. मी विचारलं नाही.

निज श्रावणातल्या त्या सोमवारी आम्ही दोघी एसटीनं पेठ गाठलं आणि तिथून जीपनं तिच्या गावी गेलो. भाताची लावणी उरकली होती. अक्काबाईच्या ओटीवर चाळीस-पन्नास बाया बसल्या होत्या, सगळ्यांचे पाय चिखलानं फुटलेले. चौरंगावर पोथी मांडली, मी पानं द्यायला शेजारी बसले. तिथला नियम असा, की अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. फुलाबाईनं पहिलं पान उचललं.

पहिल्याच ओळीत ती अडखळली.

दुसऱ्या ओळीत थांबली, मागे गेली, जोडाक्षर फोडलं, पुन्हा जोडलं. चाल नाही, ठेका नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. ज्यांच्यासमोर नाचक्की नको होती त्याच या बाया, आणि हिला तर हे झोपेत विचारलं तरी येत होतं. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, "अगं, पाठ म्हण सरळ."

तिनं बोट जागचं हलवलं नाही. "ते तर मला येतच व्हतं," ती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचायला लागली.

गुरुजी अर्ध्या तासात संपवतात तो अध्याय संपायला अडीच तास लागले. कोणी उठलं नाही. बाहेर गुरं हंबरायला लागली होती. शेवटचं पान खाली ठेवलं तेव्हा फुलाबाईच्या कपाळावरून घाम गळत होता.

अक्काबाई म्हणाली, "फुले, तुला तर ही पाठ हाय. मागच्या दिवाळीत चुलीपाशी घडाघडा म्हनत व्हतीस."

"हाय, आत्या."

"मंग एवढा वेळ का लावला?"

"वाचत व्हते."

मला वाटलं, आता अक्काबाई उठेल. ती उठली नाही. बसल्या बसल्या सरकत चौरंगापाशी आली, पदराला हात पुसला आणि वरच्या पानावर एक बोट ठेवलं.

"हितं काय लिवलंय?"

फुलाबाईनं वाचून दाखवलं.

"आन् हितं?"

मी पोथी बांधायला फडकं उचललं होतं, ते परत खाली ठेवलं.