फणसाचं गाऱ्हाणं
कापा फणस फोडला, की त्या घमघमाटाबरोबर मला वडिलांचं गाऱ्हाणं आठवतं. मी तेव्हा परकर-पोलक्यात होते. माळ्यावर झाकून ठेवलेला वडिलांचा अर्धा फणस कुणीतरी फस्त केला. ते तडक तुळशीपुढे नारळ ठेवून देवाला सांगू लागले, "माझो फणस जेणा खाल्ल्यान, तेचा पोट दुखांदे रे म्हाराजा!" रिवाजाप्रमाणे आम्ही भावंडं ओरडलो, "व्हय म्हाराजा!" आई मात्र गप्प. वडिलांनी वळून पाहिलं, तर ती खोबरेल लावून बोटांचा चीक काढत होती. त्यांनी घाईघाईने पुन्हा हात जोडले, "तिका पचांदे रे म्हाराजा!" या वेळी सगळ्यांत मोठा "व्हय म्हाराजा!" आईचा होता. आजही घरातले गरे नाहीसे झाले, की मी आधी नवऱ्याची बोटं बघते आणि मगच देवाकडे काय मागायचं ते ठरवते.