राग न येणारे सेक्रेटरी

आमच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांना सांगत, "आपल्याला राग म्हणून येतच न्हाई." हे ते इतकं ओरडून सांगत, की दारातल्या म्हशी दचकायच्या. कुणी हसलं की आणखी भडकत, "हसतुयास का रं?"

एका दुष्काळात टँकरभोवती झुंबड उडाली आणि एक म्हातारी खाली पडली. सेक्रेटरी धावले आणि तिच्यावर ओणवे झाले. पाठीवर घागरी आदळत होत्या, पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. गर्दी हटली, तेव्हा म्हातारी सुखरूप उठली.

संध्याकाळी मी म्हणालो, "काका, आज खरंच शांत राहिलात."

"शांत कुठला! लई घाबरलतो. वरडाय गेलतो, पण आवाजच फुटंना," ते हळूच म्हणाले.

स्वतःबद्दल त्यांनी सांगितलेली एवढी एकच गोष्ट मी खरी मानतो.