इन्सुलिनचा डबा

त्या दिवशी सकाळी मी आन् बायकोनं मिळून तिची लघवी तपासली. सोबत केलेलं साधं काम ते शेवटचं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात ड्रॉपरनं लघवीचे आठ थेंब टाकायचे, आन् नळी चिमट्यात धरून स्टोच्या जाळावर उकळायची. थेंब ती मोजायची, चिमटा मी धरायचो. रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी, विटकरी झाला तर मेलो. त्या दिवशी विटकरी झाला.

"झाली बगा वीटभट्टी सुरू," ती म्हणली. "दोन विटा न्या तुमच्या कंपनीला."

"गप सुई टोच आन् दूध पी," मी म्हणलो.

मी चौथी शिकलेला, ती तेवढी पण नाही. तरी चार वर्षं हे सगळं घरात केलं, एक दिवस चुकवला नाही. आता बोटाला टोचून आकडा दाखवणारं मशीन मिळतं. तेव्हा नव्हतं. काचेची सिरिंज रोज पातेल्यात उकळायची. सुई बोथट झाली की मी ती वाळूजला कंपनीत न्यायचो, सुपरवायझरची पाठ फिरली की बारीक दगडावर तेल टाकून घासायचो. फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. टोचून झालं की ती दूध प्यायची आन् तळाचं घोटभर मांजरीला ओतायची. स्टोचा आवाज झाला की मांजर हजर.

बाटलीत त्या सकाळपुरतंच औषध उरलं होतं. तिला दोन टाइम लागायचं. डॉक्टरनं बजावलं होतं, दोन दिवस सुटलं तर बाई हाताला लागायची नाही.

तेव्हा विद्यापीठाच्या नावावरून शहर पेटलेलं. आमच्या जातीतले म्हणत नाव बदलू देणार नाही. दलित वस्तीतली माणसं नव्या नावासाठी जीव द्यायला बसलेली. मी विद्यापीठ आतून कधी पाहिलं नाही, तरी आधीच्या आठवड्यात चार जणांत मिळून बसवर दगड मारला होता. का म्हणाल तर सगळे मारत होते. घरी सांगितलं तर ती म्हणली, "तुमाला तिथं शिकायला जायचं व्हतं का?"

त्या दिवशी पाळी सुटली आन् कंपनीच्या बसनं आम्हाला मधीच, शहरात उतरवलं. पुढं टायर जळत होते, ड्रायव्हर जाईना. माझ्याबरोबर माझ्या सीटवरचा सोबती उतरला. तीन वर्षं आम्ही एकाच सीटवर, तो खिडकीला, मी अलीकडं. तो मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीतला. औषधवाल्यानं शटर अर्धं वर करून इन्सुलिन दिलं, निळ्या औषधाची मोठी बाटली पण दिली. मी जेवणाच्या डब्यात त्याच्याकडचाच बर्फ भरला, मधी इन्सुलिनची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. निळी बाटली काही डब्यात मावेना.

"द्या, मी धरतो," सोबती म्हणला. "बर्फाचं पाणी व्हायच्या आत पाय उचला."

रेल्वे फाटकाजवळ पंधरा-वीस जण काठ्या-सळया घेऊन उभे. त्यांचा म्होरक्या माझ्याच गावचा, माझ्याच खात्यात लेथवर. आमच्या घरी चारदा जेवलेला.

"कुठं रं निघाली जोडी?" म्हणला, आन् त्याला बाटली दिसली. "तिच्यायला, निळा रंग! कोणत्या भिताडावर नाव लिवायला चाललास रं?"

"रंग नाय, औषध हाय," सोबती म्हणला. "ह्यांच्या मालकिणीचं. साखर बगायचं."

"निळ्या रंगानं साखर बगत्यात? कुणाच्या चहातली?"

सगळे हसले. एकानं सळई सोबत्याच्या पोटऱ्यांवर घातली. तो गुडघ्यावर आला, पण बाटली त्यानं सोडली नाही.

गाववाला माझ्याकडं वळला. "तुजी हाय का ही बाटली? का तू बी त्यांच्यातलाच झाला?"

एकच शब्द बोलायचा होता. व्हय. मी म्हणलो, "माजी नाय."

सोबत्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. बस डोळ्यांदेखत निघून गेली की माणूस पाहतो, तसं.

"मग हाण त्याला, आन् जा घरी."

घरी ती वाट बघत होती, मला घरी जायचं होतं. एवढंच डोक्यात. हातात काय आहे ते डोक्यात नव्हतं. मी डब्याची कडी धरली, डबा फिरवला आन् त्याच्या कानशिलावर घातला. हाड वाजलं. तो आडवा झाला. मग मला थांबता येईना. आणखी एक घातला. तिसऱ्याला झाकण उडालं, बर्फ सांडला आन् इन्सुलिनची बाटली खडीवर पडून फुटली. लोक शिट्ट्या मारत होते. निळं औषध त्याच्या शर्टावर, त्याच्यावर रक्त. मी खाली बसून फडकं पिळत होतो, काही निघतंय का बघत होतो.

"आरं, काय हुडकतो?" गाववाला म्हणला. "सोनं सांडलं काय?"

सोबती जगला. डाव्या कानानं गेला, हे मला लई दिवसांनी कळलं. त्या घडीला मी त्याला तसाच टाकून औषधाच्या दुकानाकडं पळालो. दुकानाला कुलूप, रस्त्यावर पोलीस. पाठीवर दोन लाठ्या खाऊन घरी आलो.

"औषध?" तिनं विचारलं.

"लोकांनी फोडलं."

तिनं डबा हातात घेतला. एक कोपरा चेपलेला, त्याला केस चिकटलेले.

"हे रगत तुमचं नाय."

मी सगळं सांगितलं. ती इन्सुलिनचं बोललीच नाही.

"त्याला दवाखान्यात नेलं का कुणी?"

"ठाव नाय."

"टाकून आला?"

"व्हय."

ती भिंतीकडं तोंड करून निजली. दोन दिवस संचारबंदी. मी दोनदा बाहेर पडलो, दोन्ही वेळा मार खाऊन परत. ती पाणी पाणी करायची, पण मी तांब्या पुढं केला की हात झिडकारायची आन् रांगत माठाकडं जायची. श्वास भात्यासारखा, तोंडाला सडक्या फळांचा वास. तिसऱ्या दिवशी ढील मिळाली तेव्हा हातगाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेली. दुपारी गेली. सांजच्याला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, स्टो पेटवला आन् सिरिंज उकळायला टाकली. पाणी खळखळलं, मांजर येऊन पायाला घासायला लागली, तेव्हा कळलं काय करतोय ते. सिरिंज भिंतीवर फोडली. दुधाचं भांडं मांजरीपुढं ठेवलं, रिकामा डबा उचलला आन् परत सुरू झालेली पहिल्या पाळीची बस धरली.

सुतकातला माणूस कामावर निघालेला पाहून बसमधल्यांनी पाय आखडून वाट दिली. खिडकीची जागा रिकामी होती. मी माझ्या जागेवर बसलो. पुढच्या थांब्याला गाववाला चढला, माझे गुडघे ओलांडून खिडकीला बसला आन् माझ्या मांडीवर हात ठेवला.

"वहिनीचं कळलं. लई वाईट झालं. कशानं गेल्या रं?"

मी डबा त्याच्या तोंडावर घातला. नाक फुटलं. परत घातला, दात पडले. या खेपेला डब्यात फुटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून घालत राहिलो. चौघांनी मला ओढून काढलं. ड्रायव्हरनं बस थांबवून मला रस्त्यावर उतरवलं.

वाळूज अजून लांब होतं. चालत गेलो, गेटावर कार्ड पंच केलं आन् मशीनवर उभा राहिलो.