जरा वर धरलेला कॅमेरा

साळवे सर गेल्याचा फोन केडगावच्या माझ्या स्टुडिओत आला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची मान सरळ करत होतो. पासपोर्ट फोटो होता. फोन ठेवला, फोटो काढला, पुढच्या माणसाला स्टुलावर बसवलं… दुकान बंद करून घरी जावं एवढंसुद्धा सुचलं नाही. आता महिना होऊन गेला. लग्नसराई चालू आहे, खांदे भरून येतात, आणि कुणी सांत्वन करायला लागलं की त्याचाही कंटाळा येतो. पण सरांशी बोलायची एक गोष्ट राहून गेलीय. त्यांना सांगता आली नाही, म्हणून इथे सांगतो.

सर राहुरीजवळच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि किड्यांचे फोटो काढायचे. लोक नवरानवरीचे काढतात, हे घाटेअळीचे! हरभऱ्याच्या पानावर अळीचं अंडं फुटताना टिपायचं, त्याच्या स्लाइड करून गावोगाव दाखवायच्या, अळी दिसायच्या आधी अंडं ओळखा म्हणून सांगायचं, हा त्यांचा ध्यास. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं. एवढ्या जवळून फोटो घ्यायचा तर लेन्सच्या मागे नळ्या जोडाव्या लागतात, कॅमेऱ्याचं तोंड जड होतं, आणि केसभर हललं तरी अंडं चौकटीबाहेर. म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा धरायला त्यांनी लेथवाल्याकडून लोखंडी क्लॅम्प करून घेतला होता. ओबडधोबड, पान्यानं आवळायचा, पण एकदा बसला की बसला.

मला ते ध्यान बघवेना. "सर, हे काय बैलगाडीचं सामान लावलंय?" मी म्हणायचो. खरं तर मी लग्नात कॅमेरा गळ्यात अडकवून पळणारा माणूस, मला किड्यांतलं काय कळतंय? पण मिजास केवढी! मुंबईला गेलो तेव्हा मीच त्यांच्यासाठी क्लॅम्पच्या जागी लावायला एक बॉलहेड निवडून आणलं, तसलंच एक मलाही. गोळ्यावर फिरणारं, कुठेही वळवा, एका पिळात घट्ट. सरांनी ते हातात फिरवून बघितलं. "उस्ताद, हे एवढ्या जडाला टिकंल का?" "टिकेल म्हणजे? मी सांगतोय ना!" झालं. लोखंडी क्लॅम्प कपाटावर गेला.

त्या हिवाळ्यात सर तीन दिवस सकाळी सकाळी हरभऱ्यात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत अंडं फुटलं. कॅमेऱ्याला धक्का नको म्हणून ते हातातल्या भिंगातून बघत होते आणि केबलचं बटण दाबत होते. रोल पुण्याहून धुऊन आला. सगळ्या चौकटींत नुसता देठ! अंडं वरच्या कडेबाहेर गेलेलं. "तुमचा हात लागला असणार," मी ठणकावून सांगितलं. सरांनी एकेक स्लाइड पुन्हा उजेडाला धरून बघितली. "आसंल," एवढंच म्हणाले.

दोनच महिन्यांनी एका लग्नात मी माझ्या बॉलहेडवर लांब लेन्स लावली. पीळ घट्ट आवळला, आणि बघता बघता कॅमेऱ्यानं मान टाकली. नवरदेवाचा फेटा माझ्या डोळ्यांसमोर चौकटीतून वर निघून गेला. मला तिथेच सगळं कळलं. सरांना सांगितलं नाही. आधी लाज वाटली, मग म्हटलं पुढच्या भेटीत सांगू, मग पाच वर्षं गेली… मधे एका हिवाळ्यात सरांना अंडं फुटताना टिपायला मिळालं. फोटो घेऊन स्वतः स्टुडिओत आले. "तुमच्या बॉलहेडवर काढलाय, उस्ताद!" मी मनाची समजूत घातली की त्यांचं बरं निघालं असेल.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गेलो तेव्हा वहिनींनी ट्रायपॉड माझ्यापुढे आणून ठेवला. वर तेच बॉलहेड. त्याच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका. हे काय म्हणून विचारलं.

"ते खाली यायचं ना भाऊजी, म्हनून. हे आदीच कॅमेरा त्या ठिपक्याइतका वर धरायचे आन् शंभर आकडे मोजायचे. उतरत उतरत बरूबर अंड्यावर येऊन थांबायचा. मी म्हनलं, जुनाच लावा की. तर म्हनले, उस्तादनं हौसेनं आनलंय. त्याला कळलं तर मनाला लावून घील."

मला रडू आलं नाही. राग आला. स्वतःचा तर आलाच, पण सरांचाही आला. अहो, भांडायचं ना माणसानं! तोंडावर फेकायचं ते बॉलहेड! मी सगळं कबूल केलं असतं. निदान आज तरी तसं वाटतं.

आता तो ट्रायपॉड स्टुडिओच्या खिडकीशी उभा आहे. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मी त्यावर कॅमेरा लावतो, समोर कुंडीतल्या तुळशीचं पान असतं. लाल ठिपक्याइतका वर धरतो, पीळ आवळतो आणि मोजायला लागतो. साठाच्या पुढे माझा धीर सुटायला लागतो, सरांचा कसा सुटत नव्हता कुणास ठाऊक. शंभरला कॅमेरा पानावर येऊन थांबतो.

"सर," मी म्हणतो, "तुमचा हात लागला नव्हता."