चार फूट चाललेली गाडी आणि कुलपातली सायकल

दसऱ्याच्या सकाळी आमची गाडी चार फूट चालली. चार पुढे, चार मागे... त्याहून लांब नेली असती तर जागा गेली असती. मागे एक टॅक्सीवाला इंजिन चालू ठेवून फार आशेने बघत होता.

दादरला, शिवाजी पार्काजवळच्या गल्लीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. इथे एकदा पार्किंग मिळालं की गाडी बाहेर काढायची नसते. संस्कृत घेऊन बी.ए. झालो, पण जंगम मालमत्ता डोळ्यांदेखत स्थावर कशी होते ते गाडी घेतल्यावरच कळलं.

ऑफिसला मी बसने जातो. गाडीत फक्त रविवारी बसतो, बॅटरी उतरू नये म्हणून. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, एसी खायचा आणि उतरायचं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला असाच एका रविवारी उतरायला दार उघडलं... आणि मागून सायकलवर येणारे तळपदेकाका त्यावर आदळले.

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे. मनगट मुरगळलं, कपाळाला दोन टाके पडले. त्यांची मुलगी मेधा बंगळुरूहून धावत आली. "तोल गेला गं," काकांनी तिला सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. काही बोललो नाही.

उभ्या गाडीने अपघात केला मी, आणि कुलूप लागलं सायकलला! मेधाने ती कंपाउंडच्या ग्रिलला साखळीने बांधली आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. "दादा, तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत जाते." ती किल्ली मी गाडीच्याच जुडग्यात अडकवली. रोज खिशात टोचायची...

तेव्हापासून काकांचं पार्कातल्या कट्ट्यावर जाणं बंद झालं. तिथे त्यांचे चार जुने दोस्त रोज बसतात, अंतर जेमतेम पाच मिनिटांचं. आम्ही सगळे सांगायचो, काका, चालत जा की, तेवढाच व्यायाम. काका हसायचे आणि घरात जायचे.

मला कुतूहल एकाच गोष्टीचं होतं. कुलपातल्या सायकलमध्ये हा माणूस दर शनिवारी पंपाने हवा का भरतो?

तर दसरा. मी गाडीला हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून वर सांगितलेला प्रवास उरकला. काका झेंडूची माळ घेऊन दारात उभे राहून बघत होते. "दमली असेल रे गाडी," म्हणाले. "पाणी दाखव तिला."

मग ते सायकलकडे निघाले. दारापासून बारा पावलं असतील. भिंतीला हात लावत, दोनदा थांबत आले... इतक्या महिन्यांत मी त्यांना चालताना नीट पाहिलंच नव्हतं.

हळदकुंकू झालं, हँडलला माळ झाली. काकांनी सरळ हात पुढे केला. "किल्ली दे. एक फेरी मारतो."

"काका, मेधाला शब्द दिलाय."

"पूजा केलेलं वाहन जागेवरच ठेवतात काय रे? दाखव कुठल्या ग्रंथात लिहिलंय. तू शिकलेला ना?"

ग्रंथ काही आठवेना. शिवाय मी स्वतः नुकताच आठ फूट हिंडून आलो होतो. "गेटपर्यंतच हं," म्हणत कुलूप काढलं.

काकांनी पायरीवर एक पाय टेकवला, सीटवर बसले... आणि बारा पावलांत दोनदा थांबणारा माणूस नुसता तरंगत गेला. गेट आलं, गेट गेलं. मागून मी, रेशमी कुडता आणि कोल्हापुरी चपला सांभाळत, धावतोय. "काका! गेट! काका!" आणि पुढून घंटीचा आवाज.

मी कट्ट्यावर पोचलो तेव्हा दोस्तांनी सरकून त्यांना जागा केलेलीही होती. धाप मला लागली होती, त्यांना नव्हती.

"गुडघे गेलेत रे," काका हळूच म्हणाले. "चालताना सगळा भार त्यांच्यावर पडतो, सायकलवर तो सीटवर पडतो. चालता येत नाही म्हणून तर सायकल चालवतो. आणि तुम्ही म्हणता, सायकल सोडा, चाला!"

"मग मेधाला का नाही सांगितलंत?"

"कळलं तर उचलून बंगळुरूला नेईल. तिथे हे चौघे आहेत?"

"आणि माझ्या दाराचं?"

"ते सांगून काय मिळालं असतं? शेजार गेला असता..."

मी तिथूनच मेधाला फोन लावला. काका कुडता ओढत होते, तरी दाराचं सगळं सांगितलं, माझ्या गप्प राहण्यासकट. मग फोन त्यांच्या हातात दिला. गुडघ्यांचं त्यांनीच सांगायला हवं होतं. पाठ वळवून बराच वेळ बोलले.

फोन परत माझ्याकडे आला. मेधा म्हणाली, "म्हणजे दादा, मी कुलूप चुकीच्या वाहनाला लावलं." दिवाळीत ती येणार आहे, काकांना डॉक्टरकडे नेणार आहे. बंगळुरूचं नाव तिने अजून तरी काढलेलं नाही.

किल्ली आता काकांकडे असते. रविवारी मी अजूनही गाडीत बसतो, पण उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडतो. काकांनीच शिकवलं. तसं केलं की अंग आपोआप मागे वळतं आणि मागून कोण येतंय ते दिसतं.

बहुतेक वेळा काकाच असतात. माझ्या दारापाशी आले की गरज नसताना घंटी वाजवतात... ती ऐकायला मिळते, हे त्यांचे उपकार.