शेवटचे दोन परिच्छेद
नव्या दिवाळी अंकाच्या शाईचा वास आला की मी अजून अंक मिटून बाजूला ठेवतो. हडपसरची शेतं आयटी पार्कखाली जात होती तेव्हाची गोष्ट. पोरांनी जमीन विकल्यावर एक म्हातारी तिथल्याच नव्या सोसायटीत आपली विहीर शोधत येते, अशी कथा मी लिहिली होती. एका नावाजलेल्या अंकात ती आली. स्वारगेटच्या स्टॉलवर उभ्याउभ्या पानं उलटली, तर शेवटचे दोन परिच्छेद गायब आणि त्या जागी हडपसरच्याच फ्लॅटची जाहिरात, स्विमिंग पुलासकट. तसाच संपादकांच्या घरी धडकलो. चकली चघळत ते म्हणाले, "अहो, जाहिरात ऐनवेळी आली. आणि शेवट वाचकाला कळतोच. आपण फार समजावून सांगता." मग चकलीचं तेल त्यांनी माझ्याच कथेच्या पानाला पुसलं. शिसारी आली मला. महिन्याभराने एका समीक्षकाने भर सभेत त्या 'धाडसी, अधांतरी' शेवटाचं कौतुक केलं, सगळे माझ्याकडे वळले आणि मी उठून हात जोडले. पुढे कथासंग्रह निघाला, त्यातही ते परिच्छेद मी घातले नाहीत. म्हातारीला विहीर सापडली होती की नाही, हे आता मलाच आठवत नाही.