आलेल्या पानाला उत्तर देणाऱ्या शालिनीताई

शालिनीताई डोरलीकरांना मी पहिल्यांदा भेटले, त्या दिवशी मी घराला कुलूप लावल्याची खात्री करायला तीनदा परत गेले होते. आई तेलीबांध्याच्या चौकात रिक्षा थांबवून उभी होती. रिक्षावाला वैतागला होता. रायपूर राजधानी होऊन तेव्हा काही वर्षंच झाली होती आणि आमच्या भागातला निम्मा रस्ता कायम खोदलेला असायचा. तात्यापारा मोहल्ल्यात ताईंच्या घरी पोहोचायला आम्हाला तासभर उशीर झाला. ताई दारातच उभ्या होत्या. मी क्षमा मागायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "येऊन राहिली ना? मग झालं. चप्पल कुठंबी काढ."

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी त्यांच्याविषयी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, याचा मला अभिमान वाटतो. भीतीही वाटते. यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट मी संबंधितांना वाचून दाखवली आहे. ज्यांनी नाव बदलायला सांगितलं त्यांचं बदललं आहे.

माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. लहानपणी मला दमा होता. म्हणून पाचवीपर्यंत मी शाळेत गेले नाही, बाबांनीच घरी शिकवलं. ते भंडाऱ्याहून नोकरीसाठी रायपूरला आलेले. इथे राहून पोरीचं मराठी बिघडू नये, हा त्यांचा ध्यास होता. रोज एक पान शुद्धलेखन, चूक सापडली की पूर्ण पान पुन्हा. बाबा गेल्यावर माझ्या मनाने तोच नियम सगळ्या जगण्याला लावला. गॅस, कुलूप, ऑफिसातली प्रत्येक चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा तपासायची. झोप उडाली, नोकरी सुटली. डॉक्टरांची औषधं सुरू झाली आणि त्यांनीच आईला ताईंच्या 'उत्तरपाना'बद्दल सांगितलं.

'उत्तरपान' काय आहे ते आपल्या मंडळींना ठाऊक आहे, पण हा ग्रंथ बाहेरचेही वाचतील म्हणून सांगते. ताईंनी रेल्वेच्या कार्यालयात आवक-जावक विभागात सारी नोकरी केली. आलेला कागद नोंदवायचा आणि त्याला उत्तर गेलं की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यांची धाकटी मुलगी माणिक आजारपणात गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण "सावरा" म्हणून जायचा. ताई सांगतात, "सगळे बोलून जात. मी बोलली त्याले उत्तर कोनी देत नव्हतं." एके दिवशी त्यांनी चार ओळी लिहून शेजारच्या बाईंना दिल्या. त्या बाईंचा मुलगा वर्षभरापूर्वी गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पाच ओळी आल्या. तिथून हे सुरू झालं.

दर शनिवारी दुपारी ताईंच्या बैठकीत दहा-पंधरा माणसं जमतात. कुणाचं माणूस गेलेलं असतं, कुणाला घराबाहेर पडायची धास्ती वाटते, कुणाला सकाळी उठावंसंच वाटत नाही. प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं, खाली नाव घालायचं नाही. पुढच्या शनिवारी ती पानं वाटली जातात. ज्याच्या हाती जे पान येईल त्याने ते घरी न्यायचं, त्याला उत्तर लिहायचं आणि त्यानंतरच्या शनिवारी दोन्ही मोठ्याने वाचायचं. उत्तरात सल्ला द्यायचा नाही. आपल्यावर काय गुजरलं तेवढंच लिहायचं.

यात एक अडचण होती. रायपूरची मराठी मंडळी ती किती! हळदीकुंकवाच्या यादीपासून पत्रिकेवरच्या पत्त्यापर्यंत सगळ्यांनी एकमेकांचं अक्षर पाहिलेलं. पान हाती पडताच "हे तर अमक्या वहिनींचं" असं व्हायचं. त्यामुळे सगळी पानं एकाच्या हातून उतरवून घ्यावीत असं ताईंच्या मनात होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला काय होतं, कधीपासून होतं, यातलं काहीच विचारलं नाही.

"तुले काय चांगलं येते?"

"अक्षर चांगलं आहे," मी म्हटलं.

"मंग लिहू नको. दुसऱ्याचं लिहिलेलं उतरव. जमन?"

मला जमणार होतं. पुढचे अकरा महिने मी स्वतः एक ओळही लिहिली नाही आणि ताईंनी एकदाही विचारलं नाही. मी शनिवारी पानं घरी न्यायची, उतरवायची आणि मूळ पानं फाडून टाकायची. कुणाचं पान कोणतं हे फक्त मला माहीत असायचं. एवढा विश्वास त्यांनी अशा मुलीवर टाकला, जिचा स्वतःच्या कुलपावरही विश्वास नव्हता.

आता माझ्या चुकीबद्दल. ती लिहिल्याशिवाय ताईंचं मोठेपण सांगता येणार नाही.

बीरगांवहून एक गृहस्थ येऊ लागले होते. त्यांना मी इथे गणपतभाऊ म्हणते. सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात ते कामाला, बुटांना काळी भुकटी लागूनच घरी येणारे. बायको गेल्यापासून त्यांनी स्वयंपाक सोडला होता, ड्युटीवर जाणंही सुटत चाललं होतं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "दीदी, हफ्त्यात हे एकच काम राहिलं माह्याजवळ. इथं येनं." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पान आणलं:

"घरी येतो तं चाबी मीच लावतो. चाबी फिरवताना वाटते का अंदरून आवाज येईन, जूते बाहर काढा, काळं घरात नोका आनू. कोनी बोलत नाही. आता काळं घरभर आहे."

मी ते उतरवायला बसले. हे जसंच्या तसं वाचलं गेलं तर लोक हसतील, असं मला वाटलं. भाऊंची लाज राखावी म्हणून, मनापासून, मी लिहिलं: "पत्नीच्या निधनानंतर घरात निःशब्दता पसरली आहे. तिच्या स्वच्छताप्रिय स्वभावाची पदोपदी आठवण येते." बाबांनी शाबासकी दिली असती असं वळणदार पान झालं.

त्याचं उत्तर वाचलं गेलं त्या शनिवारी गणपतभाऊ शेवटपर्यंत थांबले. सगळे उठल्यावर माझ्याजवळ आले.

"दीदी, मेरा वाला नहीं आया क्या?"

"आलं ना, भाऊ."

"नाही आलं. मी सगळे ऐकले." ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "हव. ठीक है."

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यांचं मूळ पान मी फाडलं नव्हतं. का, ते मला सांगता येत नाही, हात धजला नाही एवढंच. दुसऱ्या शनिवारी सगळे गेल्यावर मी दोन्ही पानं ताईंपुढे ठेवली आणि रडू लागले. ताईंनी चष्मा लावला. दोन्ही वाचली.

"हे दुसरं कोनी लिहिलं?"

"मी."

"तुही बायको गेली का?"

मी मान हलवली.

"मंग हे पान त्याचंबी नाही आन् तुह्यंबी नाही. आता काहून रडून राहिली? ऊठ. बीरगांवले जाऊ."

ताईंचे गुडघे तेव्हाही दुखत होते. दोन टेम्पो बदलून, उरला औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकांमधून वाट काढत आम्ही बीरगांवला पोहोचलो. वाटेत मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. एकच भीती होती, की दार कुणी उघडणारच नाही.

भाऊंनी दार उघडलं. दाढी वाढलेली, स्टोव्हजवळ बिस्किटाचे पुडे पडलेले. ताईंनी बसायच्या आधीच सांगितलं, "भाऊ, चूक माही आहे. हिले काम मी देल्लं, कसं कराव ते सांगतलं नाही."

"नाही, ताई, चूक माझी..." मी बोलू लागले.

"तू गप बस. तुह्या चुकीचा नंबर मंग."

मग त्यांनी माझ्याकडून माझं पान वाचून घेतलं. भाऊ ऐकत होते, कपाळाला आठ्या. 'स्वच्छताप्रिय'वर आले तेव्हा त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मला वाटलं ते रडताहेत. ते हसत होते.

"स्वच्छताप्रिय! अरे बापरे! दीदी, माही बायको हे ऐकती ना, तं म्हनती, ही कोन बाई? घरी कवा आनली?"

ताईही हसल्या. मग भाऊंनी डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "मले वाटलं, माह्या लिहिल्याले उत्तर देन्यालायक नाही समजलं तुमी."

ताईंनी त्यांचं मूळ पान माझ्याकडून मागून घेतलं, मोठ्याने वाचलं, आणि तिथेच, पाटावर कागद ठेवून उत्तर लिहिलं. ते भाऊंकडे अजून आहे. त्यांच्या परवानगीने जसंच्या तसं देते, ताई लिहितात शाळेतल्या मराठीतच:

"माझी माणिक कडी वाजवत नव्हती, खालूनच हाक मारायची. अजून संध्याकाळी सहाला माझे कान दाराकडे जातात. मी उठून दार उघडते. कोणी नसतं. मग दार लावते आणि चहा ठेवते."

भाऊंनी ते दोनदा वाचलं. मग उठून त्यांनी स्टोव्ह पेटवला आणि आमच्यासाठी चहा ठेवला. घरात दूध नव्हतं, आम्ही काळाच प्यालो.

पुढच्या शनिवारी ते आले. त्या दिवशी ताईंनी सगळ्यांसमोर नवा नियम सांगितला: अक्षर बदलायचं, शब्द बदलायचा नाही. चूक कोणाची झाली होती हे त्यांनी सांगितलं नाही. मीच उठून सांगितलं. भाऊ मागून म्हणाले, "दीदी स्वच्छताप्रिय आहे," आणि सगळी बैठक हसली.

त्या नियमाने काय झालं ते मी अभिमानाने सांगते. घरात मराठी ऐकणारी पण हिंदीत उत्तर देणारी आमची तरुण मुलं लिहायला लागली. कुणी अर्धं हिंदीत, कुणी छत्तीसगढीत. शेजारच्या मोहल्ल्यातल्या, मराठी मुळीच न बोलणाऱ्या बायकाही आल्या. ताईंची बैठक पुरेना, आता शनिवारी तीन घरांत माणसं बसतात. एका साहेबांनी नव्या इमारतीतलं सभागृह देऊ केलं होतं, खुर्च्या आणि माईकसकट. ताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "भैया, माईकवर कोनी रडत नाही."

कागदाने सगळं होत नाही, हेही ताईच बजावतात. एका तरुण शिक्षिकेने, इथे बरं वाटतं म्हणून, मनानेच गोळ्या सोडल्या होत्या. कळताच ताई तिला स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसून राहिल्या. आमच्यातलं कुणी फार खचलं की ताई आधी डॉक्टरांना फोन करतात, मग कागद काढतात.

बीरगांवहून परतल्यावर दोन आठवड्यांनी मी माझं पहिलं पान लिहिलं. बाबांनी शेवटी पाणी मागितलं तेव्हा मी पेला दुसऱ्यांदा विसळत होते, पाणी नेईपर्यंत ते गेले होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. उत्तर आलं ते कुणाचं, हे त्या दिवशी ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलं, तरी इथे नाव लिहीत नाही. त्यात एवढंच होतं, की आई गेली तेव्हा ती व्यक्ती औषधाच्या दुकानात सुट्टे परत घ्यायला थांबली होती. मी ते ऐकलं आणि त्या रात्री सलग झोपले. आज मी पुन्हा नोकरी करते. कुलूप अजूनही एकदा तपासते. फक्त एकदा.

ताई, तुम्हाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताना आमची इच्छा आहे की तुमच्या गुडघ्यांनी तुम्हाला साथ द्यावी, डोळ्यांना बारीक अक्षर दिसत राहावं आणि तुमच्या दारी येणाऱ्या पानांना उत्तर लिहिण्याइतकी ताकद तुमच्या हातात खूप वर्षं राहावी. माझ्या शुभेच्छा एवढ्याच. शेवटची ओळ मात्र गणपतभाऊंनी पाठवली आहे. ती मी उतरवली आहे, एकही शब्द न बदलता:

"ताई, तुमी लय जगा. मी आता दोन टाइम जेवतो. येत्या शनिवारी डब्बा घेऊन येऊन राहिलो, भाजी मीच केली, मीठ जास्त झालं तं बोला."